26 जुलैचा पाऊस 27 तारखेच्या नावावर का?

26 जुलैला मुंबईत सूर्य कधी मावळणार, हे मोबाइल वर्षभर आधी सांगतो. सव्वासातच्या सुमारास. दिवस साधारण 13 तासांचा. हे गणित दरवर्षी जवळपास तेच असतं. पावसाचं तसं नाही.

2005 मध्ये याच तारखेला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. कुलाब्यात मात्र अवघा 73 मिमी. शहर एकच, आकडे दोन. शिवाय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून नोंदीत हा विक्रम 27 जुलैच्या नावावर आहे.

त्यातला बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. उजेडात ऑफिसातून निघालेली माणसं अंधार पडला तरी पाण्यातच होती. शेकडो जीव गेले. 24 तासांच्या बेरजेत हे तास दिसत नाहीत.

म्हणूनच ‘मुंबईत आज इतका पाऊस’ हा एकच आकडा पुरेसा नाही. कोणत्या केंद्रावर आणि कोणत्या तासात, हे सोबत दिसायलाच हवं. सांताक्रूझच्या मिलन सबवेपाशी अडकलेल्याला कुलाब्याचा आकडा काय कामाचा?