अभिमानाची सक्ती

मे २०२५मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू होताच सुट्टीवर आलेल्या जवानांना तातडीने हजर होण्याचे निरोप आले. जळगाव जिल्ह्यातला एक जवान तर अंगावरची हळद उतरण्याआधीच निघाला. आपले कुंकू देशासाठी पाठवत आहोत, असे त्याच्या नववधूने सांगितले आणि तिचे देशभर कौतुक झाले. ते व्हायलाच हवे होते. पण ‘मला भीती वाटते’ एवढेच ती बोलली असती, तर तिचे ते वाक्य कोणी दाखवले असते?

जवानाच्या घरच्यांनी कायम छाती फुगवूनच बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. मुलगा गमावलेल्या आईलाही ‘दुसऱ्याला पाठवणार का?’ असे विचारायला माइक कचरत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, तरी तिथल्या घराघरांतून पोरे पलटणीत जातच राहिली. अशा गावांना अभिमान शिकवावा लागत नाही. तिथे अभिमान आणि धास्ती एकाच चुलीपाशी बसतात.

कारगिल युद्धाच्या वेळी घरचे लोक ‘५६ एपीओ’ या लष्करी टपाल पत्त्यावरच्या पत्राची वाट पाहत. पत्र उशिरा येणार हे गृहीतच असे. आता रोज रात्री बोलणाऱ्याचा फोन अचानक बंद लागतो. सुरक्षेसाठी ते आवश्यक आहे, हे घरच्यांना कळते आणि त्यांची तक्रारही नसते. पण ती शांतता वाहिन्या भरून काढतात. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या त्या मे महिन्यात कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या रात्रभर चालल्या. स्टुडिओत जल्लोष सुरू होता, तेव्हा ज्यांचे माणूस सीमेवर होते त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

खरी गरज आहे ती विश्वासाने विचारता येईल अशा एका ठिकाणाची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेतच. युद्धाच्या काळात त्यांनी सेवेतील जवानांच्या घरी स्वतःहून संपर्क ठेवावा, अफवांचा खुलासा करावा, दवाखाना-बँकेची अडलेली कामे मार्गी लावावीत. आणि आपण? माणूस सीमेवर धाडला, यातच त्या घराची निष्ठा सिद्ध झाली आहे. ती कॅमेऱ्यापुढे पुन्हा सिद्ध करायला लावू नये. त्यांना रडू आले, तर रडू द्यावे.