वेगवान छोट्या मोटारी आणि हरवलेली रंगत

मोटारीसारख्या विषयावर वाङ्मयीन मासिकांत लिहावें काय, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु जिच्यावर आमच्या सुशिक्षित कुटुंबांची कित्येक वर्षांची शिल्लक खर्ची पडते आणि जिच्यापायीं घरांतील तरुण मंडळी मध्यरात्रीपर्यंत वाद घालीत बसते, ती वस्तु विचाराच्या कक्षेबाहेर ठेवण्याइतकी क्षुद्र खास नव्हे. वाद आहे तो 'हॉट हॅचबॅक' या नांवाच्या गाड्यांविषयीं. मागें वर उघडणारें दार असलेली, रोजच्या बाजारहाटाला नेतां येईल अशी छोटी गाडी, पण पोटांत एंजिन मात्र दांडग्या जोमाचें, असें या जातीचें थोडक्यांत वर्णन करतां येईल. या गाड्या चालविण्यांत आज पूर्वींची रंगत उरली आहे काय? एका पक्षाचें उत्तर तयारच असतें: त्या पूर्वींहून वेगवान आहेत, तेव्हां पूर्वींहून रंगतदारही आहेतच. या 'तेव्हां'लाच माझा आक्षेप आहे.

प्रथम आंकडे पाहूं. १९७६ सालीं जर्मनींत फोक्सवॅगन कंपनीनें गोल्फ जीटीआय विक्रीस काढली. या कुळाची मूळ गाडी सामान्यतः तीच समजली जाते. एंजिन १.६ लिटरचें, शक्ति ११० अश्वबळाची, वजन आठशें किलोंच्या आसपास. त्याच नांवाची नवी गाडी मे २०२५ मध्यें भारतांत आली. तिची शक्ति २६५ अश्वबळाची, वजन चौदाशें किलोंहून अधिक आणि किंमत सुमारें ५३ लाख रुपये. थांबलेल्या स्थितींतून ताशीं शंभर किलोमीटरचा वेग ती ५.९ सेकंदांत गांठते, असें कंपनी सांगते. क्लच नाहीं, हातानें बदलावयाचा गिअर नाहीं. हे आंकडे वाचून कोणीही थक्क होईल, हें मला मान्य आहे. परंतु आपल्या चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारीच्या वेगाची मर्यादाच मुळीं ताशीं शंभर किलोमीटर आहे. म्हणजे सहा सेकंदांत मेजवानी आटोपली. पुढें रिकाम्या ताटासमोर बसून राहावयाचें.

हें बसून राहणें कसें असतें याचा अनुभव घेण्यास आमच्या अमरावती-अकोला रस्त्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं. जून २०२२ मध्यें या महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यांत, एकपदरी मोजणीनें, ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला व गिनेसच्या बुकांत त्याची नोंद झाली. त्यापूर्वींचा विक्रम कतारमधील दोहा येथील असून तो पंचवीस किलोमीटरांच्या थोडा वर होता. (जो रस्ता वर्षानुवर्षें प्रवाशांचीं हाडें खिळखिळीं करीत होता त्याचें काम जर पांच दिवसांत एवढें पुढें सरकूं शकतें, तर आधींचीं वर्षें कशांत गेलीं, हा प्रश्न विचारण्याचें सौजन्यानें सर्वांनीं टाळलें.) या रस्त्यावर बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें आपल्या अशाच एका नव्या गाडीचें स्टिअरिंग माझ्या हातीं दिलें होतें. गाडीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कांटा शंभरावर स्थिर होता. पण डोळे मिटून बसलेल्याला ती गाडी उभी आहे कीं धांवते आहे हें सांगतां आलें नसतें. स्टिअरिंग हातांत होतें, परंतु चाकांखालचा रस्ता हाताला कळत नव्हता. शेजारीं तो गृहस्थ मोबाईलमध्यें डोकें घालून बसला होता, आणि खरें म्हणजे त्याच्या व माझ्या स्थितींत फारसा भेद नव्हता.

याचें कारण गूढ नाहीं. जुन्या पद्धतीच्या साहाय्यक स्टिअरिंगमध्यें तेलाचा दाब हाताला मदत करी. चाकांवर येणारा ताण व रस्त्याची थरथर पुष्कळशी हातापर्यंत परत येई. आतां ती मदत विजेची मोटर करते व किती करावी हें गणकयंत्र ठरवितें. खडबडीतपणा गाळतां गाळतां वार्ताही गाळली जाते. आमच्या वऱ्हाडांतील शंकरपट ज्यानें पाहिला असेल त्याला ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. मुक्या जनावरांच्या हालांचा वाद २०१४ सालच्या बंदीपासून २०२३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत बराच झाला आहे. तो येथें बाजूला ठेवतों. तळेगांव दशासरच्या पटांत सेकंदांचा हिशेब असतो हें खरें, पण धुरकऱ्याच्या अंगांत जें वारें संचारतें तें घड्याळामुळें नव्हे. बैलाच्या मानेचा प्रत्येक हिसका कासऱ्यांतून त्याच्या मुठींत येतो आणि मुठीचें उत्तर बैलाकडे परत जातें. तो कासरा तोडून, जोडी मात्र दुप्पट जोमाची द्या. वेळ कमी लागेल, आणि धुरकरी छकड्यांत ठेवलेलें पोतें होऊन बसेल.

मोटारींचे कारखानदार हें जाणत नाहींत असें समजूं नये. चांगलें जाणतात. म्हणूनच एंजिनाचा आवाज आंत येऊं नये म्हणून आधीं खर्च करावयाचा, आणि मग तोच आवाज कृत्रिम रीतीनें आंत सोडण्यासाठीं पुनः खर्च करावयाचा, असा विलक्षण उद्योग चालला आहे. गोल्फ जीटीआयच्या मागील कांहीं पिढ्यांत समोरच्या कांचेच्या बुडाशीं असें नाद उत्पन्न करणारें उपकरण बसविलेलें असे. ह्युंदाई कंपनीनें तर २०२३ सालीं आयोनिक ५ एन ही विजेची गाडी पुढें आणली. तींत गिअरपेटी नसतांना गिअर बदलल्याचा खोटा धक्का आणि एंजिन नसतांना एंजिनाचा खोटा आवाज यांची सोय आहे. जेवण न वाढतां ग्रामोफोनवर ढेकर ऐकवावा, तशांतला हा प्रकार.

"पण सुरक्षिततेचें काय?" असें विचारणारे भेटतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या फियाट व पद्मिनी गाड्यांतून आमच्या पिढीनें प्रवास केला. त्या गाड्या आजच्या अपघात-परीक्षेस उभ्या केल्या तर काय होईल याची कल्पनाही करवत नाहीं. वजन वाढलें त्यांतला मोठा भाग माणसाचा जीव वांचविण्यासाठीं वाढला, आणि घसरणारी गाडी सांवरणाऱ्या विद्युत्-योजना काढून टाका असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. तसेंच, तेलाच्या दाबाची जागा विजेनें घेतली त्यांत इंधनाची बचत आहे, हेंही मी मान्य करतों. परंतु मुकें स्टिअरिंग, खोटा आवाज आणि काढून घेतलेला गिअरचा दांडा यांनीं कोणाचा जीव वांचतो? मला तर उलटीच भीति वाटते. ज्या गाडींत साठाचा वेग साठासारखा वाटतो तिचा चालक साठावर तृप्त होतो. जींत शंभर म्हणजे घरच्या झोपाळ्यासारखे वाटतात, तिच्या तरुण मालकाला थरार हवा असेल तर तो दीडशेंवर शोधावा लागतो. आणि तो थरार सार्वजनिक रस्त्यावर, दुसऱ्यांच्या लेंकरांच्या जिवावर शोधला जातो. धामणगांव व नांदगांव खंडेश्वर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धि महामार्गाचा ७०१ किलोमीटरांचा सारा मार्ग जून २०२५ मध्यें खुला झाला. त्या सरळ रेषेवर चालकाचें भान कसें हरपतें याची चर्चा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें उघडल्यापासून चालू आहे. त्या चर्चेंत रस्त्याला दोष देतात. गाडीला कोणी देत नाहीं.

दुसरा आरोप असा कीं, हें सगळें म्हाताऱ्याचें गतकालाचें कौतुक आहे. तर मग २०१५ सालचीच गोष्ट घ्या. आपल्या पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार झालेली अबार्थ पुंटो त्या वर्षीं दहा लाखांच्या किंचित् आंत विक्रीस आली. शक्ति १४५ अश्वबळाची, गिअर हातानें बदलावयाचे, स्टिअरिंग तेलाच्या दाबाचें. चालकाला आपण कांहीं करीत आहों असें वाटावें, असें तींत सर्व होतें. तिचा फारसा खप झाला नाहीं, आणि २०१९ पर्यंत पुंटोचें नांवच बाजारांतून गेलें. कां गेलें? कारखानदारांनाच नांवें ठेवून आपली सुटका होणार नाहीं. दुकानांत गेल्यावर आपला पहिला प्रश्न "अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि दुसरा "विकतांना किती येतील?" ज्या गिऱ्हाईकाला चालविण्यासंबंधीं तिसरा प्रश्न सुचत नाहीं, त्याच्यासाठीं कोणी कशाला स्टिअरिंग बोलकें ठेवील? टाटांनीं जून २०२४ मध्यें अल्ट्रोझ रेसर काढली, १२० अश्वबळाची, हातानें बदलावयाच्या सहा गिअरांची, साडेनऊ लाखांपासून. मूळच्या अल्ट्रोझला २०२० सालीं अपघात-परीक्षेंत पांच तारे मिळालेले होते. तेव्हां सुरक्षितता, बेताची किंमत आणि हातचा गिअर हीं एकत्र नांदत नाहींत, हें म्हणणें टिकत नाहीं.

गर्दीच्या शहरांत आपोआप बदलणारे गिअर सुखाचे, याबद्दल वाद नाहीं. ज्याला सुख हवें त्यानें तें घ्यावें. त्याला 'हॉट' हें विशेषण लावून पन्नास लाख मागूं नयेत, एवढेंच.

परतवाड्याहून धामणगांव गढीच्या बाजूनें चिखलदऱ्यास जाणारा तीसएक किलोमीटरांचा रस्ता आमच्या जिल्ह्यांत आहे. गांव समुद्रसपाटीपासून अकराशें मीटरांच्या वर आहे. पावसाळ्यांत वरच्या वळणांवर धुकें उतरतें, समोरून एस. टी. येते, आणि तिसाचाळिसाच्या वर जाण्याची सोयच नसते. २६५ अश्वांपैकीं दोनशें तेथें तबेल्यांत बांधलेले राहतात. पण हलकी, हातच्या गिअरची गाडी असेल तर प्रत्येक वळणापूर्वीं गिअर उतरवावा लागतो, कान एंजिनाकडे ठेवावा लागतो, पुढचें चाक कोठें आहे हें तळहातानें जाणावें लागतें, आणि माथ्यावर पोंचेपर्यंत दुसरा विचार मनांत येत नाहीं. गाडी घेण्यापूर्वीं विक्रेते तिची चांचणी म्हणून आपल्याला शहराबाहेरच्या सरळ वळणरस्त्यावर नेतात व जोरानें पाय दाबावयास सांगतात. तेथें सगळ्याच गाड्या उत्तम ठरतात. त्यांना परतवाड्याच्या पुढें चला म्हणावें आणि गाडी चाळिसाच्या आंत चालवून पाहावी.