व्याजावर उभे राहिलेले विद्यापीठ

'खासगी विद्यापीठ' हे शब्द कानी पडले की महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात प्रथम शुल्काचा आकडा उभा राहतो, आणि १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडल्यानंतर ज्या भाषेत 'शिक्षणसम्राट' हा शब्द रुळला, त्या भाषेत तसे होणे साहजिकच आहे. परंतु या शब्दांना दुसरा, अधिक जुना अर्थही आहे : दात्याने ठेवलेल्या गंगाजळीवर, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ ज्याचे उत्पन्न खर्चावे अशा कायम निधीवर, संशोधन चालवणारी संस्था. या अर्थाचा ठळक नमुना अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १८७६ साली उभा राहिला आणि पुढे त्या देशातील बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी तो कमीअधिक प्रमाणात गिरवला. दिवाळी अंकाच्या या पानांवर त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा विचार करण्याचे कारण तेवढेच आहे.

संस्थापक जॉन्स हॉपकिन्स हा क्वेकर पंथाचा, अविवाहित व्यापारी आणि सावकार. 'जॉन्स' हे त्याच्या पणजीच्या माहेरचे आडनाव असल्याने त्यातला 'स' गाळण्याची चूक आजही जगभर होते. १८७३ साली तो वारला तेव्हा त्याने ७० लाख डॉलर विद्यापीठ व रुग्णालय यांना निम्मेनिम्मे ठेवले होते. विद्यापीठाच्या वाट्याची ठेव बहुतांशी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या समभागांत गुंतलेली होती, आणि या तपशिलाकडे पुन्हा वळावे लागणार आहे.

पहिले अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी पैसा आधी माणसांवर खर्च केला. वर्ग भरले ते शहराच्या मध्यवस्तीतील साध्या इमारतींत. मात्र ज्यू असल्याने ज्यांना तरुणपणी केंब्रिजने पदवी नाकारली होती ते साठी उलटलेले गणिती जे. जे. सिल्व्हेस्टर इंग्लंडहून आले, ग्रीकसाठी बेसिल गिल्डरस्लीव्ह, रसायनासाठी आयरा रेमसन आले आणि प्रकाशाच्या वर्णपटाचा अभ्यास ज्यांच्या सूक्ष्म रेषा कोरलेल्या जाळ्यांमुळे पालटला ते हेन्री रोलंड भौतिकीला मिळाले. दरसाल ५०० डॉलरच्या वीस पाठ्यवृत्त्या जाहीर झाल्या; 'पाठ्यवृत्ती' म्हणजे विद्यार्थ्याने संशोधन करावे म्हणून विद्यापीठानेच त्याला पोसणे, ही कल्पना त्या काळच्या अमेरिकेत नवलाची होती. नमुना जर्मन विद्यापीठांचा होता. व्याख्यान ऐकून टिपणे घोकण्याऐवजी मूठभर विद्यार्थी व प्राध्यापक यांनी एका मेजाभोवती बसून मूळ साधने तपासावीत, या पद्धतीला 'सेमिनार' म्हणत. गणित, रसायन व भाषाशास्त्र यांची नियतकालिके चार वर्षांत निघाली, १८७८ साली प्रकाशन संस्थाही सुरू झाली, कारण जे शोधले ते छापून इतरांच्या तपासणीला खुले केल्याखेरीज ते ज्ञान ठरत नाही, असा गिलमन यांचा दंडक होता.

त्याच काळात, १८५७ साली लंडनच्या धर्तीवर स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ परीक्षा घेत होते आणि पदव्या देत होते. अध्यापन व संशोधनाचे स्वतःचे विभाग त्याला १९१९च्या सुमारास मिळू लागले. ही तुलना बोचरी असली तरी टाळण्याजोगी नाही.

मराठी वाचकाला या विद्यापीठाशी जोडणारा एक धागा मात्र संस्कृतचा आहे. तेथील प्राध्यापक मॉरिस ब्लूमफील्ड यांनी शंभरावर ग्रंथांतील वैदिक मंत्रांचा चरणवार कोश १९०६ साली प्रसिद्ध केला. एखादा चरण कोणत्या संहितेत, कोणत्या ब्राह्मणात वा सूत्रात येतो हे त्यातून क्षणात सापडते. त्यांचे शिष्य फ्रँकलिन एजर्टन यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी सभापर्वाचे संपादन केले. सेमिनारच्या मेजावर शिकलेली पाठचिकित्सा, म्हणजे हस्तलिखिते ताडून मूळ पाठ निश्चित करण्याची शिस्त, अशी पुण्यापर्यंत पोहोचली.

गंगाजळीने स्वातंत्र्य दिले, पण जोखीमही दिली. १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रेल्वेचा लाभांश थांबला आणि विद्यापीठाचे उत्पन्नच आटले. वैद्यकीय महाविद्यालय उघडायला पैसा उरला नाही. तेव्हा त्याच रेल्वेच्या माजी अध्यक्षाची कन्या मेरी गॅरेट हिने, लागणाऱ्या ५ लाख डॉलरपैकी तीन लाखांहून अधिक रक्कम अटी घालून दिली : स्त्रियांना पुरुषांइतक्याच हक्काने प्रवेश मिळावा आणि प्रवेशापूर्वी पदवी आवश्यक असावी. १८९३ साली पहिल्या वर्गातील अठरांत तीन स्त्रिया होत्या. शंभरएक मैलांवरच्या फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांनी सात वर्षे आधीच वैद्यकीय पदवी घेतली होती, परंतु ती केवळ स्त्रियांसाठी काढलेल्या महाविद्यालयातून. हॉपकिन्सच्या इतर विभागांत तर क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन या विदुषीने १८८२ साली पूर्ण केलेल्या प्रबंधाची पदवी तिला १९२६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मिळाली आणि पदवीपूर्व वर्ग स्त्रियांना खुले व्हायला १९७० उजाडले. उदारमतवादाने जे दार उघडले नाही ते एका बाईच्या थैलीने उघडले, हे मान्य करायला हवे.

वर्णाचा इतिहास याहून कडू आहे. हॉपकिन्सने रुग्णालय गरिबांना वर्णभेद न करता खुले असावे असे लिहून ठेवले होते आणि तो दास्यविरोधी होता असे दीर्घकाळ सांगितले जाई. २०२० साली विद्यापीठानेच जाहीर केले की १८४० व १८५०च्या जनगणनेत त्याच्या घरी गुलाम माणसांची नोंद आहे. कृष्णवर्णी हेन्रिएटा लॅक्स हिच्या गाठीतल्या पेशी १९५१ साली याच रुग्णालयात तिच्या संमतीवाचून घेतल्या गेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. आपल्या संस्थापकाची कीर्ती स्वतःच तपासणे हे संशोधन संस्थेला शोभणारे कृत्य होय. उशीर झाला, हा आक्षेप तरीही उरतोच.

दुसऱ्या महायुद्धापासून या 'खासगी' विद्यापीठाचे संशोधन मोठ्या प्रमाणात अमेरिकी सरकारच्या पैशावर चालते, त्यामुळे खासगी हे विशेषण आता मालकीपुरते खरे आहे. २०१८ साली माजी विद्यार्थी मायकेल ब्लूमबर्ग यांनी दिलेले १८० कोटी डॉलर मात्र पुन्हा जुन्या वाटेने, विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीत गेले.

पुढच्या जूनमध्ये एखाद्या खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक घरी येईल, तेव्हा वाचकांनी इमारतींची छायाचित्रे उलटून एवढेच शोधावे : गंगाजळी किती, पाठ्यवृत्त्या किती आणि ग्रंथालयावर दरसाल खर्च किती. हे आकडे छापलेले नसतील तर ते पत्र पाठवून मागावेत.