हिंगोलीचे ऊन हिंगोलीतच मोजा

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला आणि मोटारींच्या डॅशबोर्डांचे फोटो पुन्हा फिरू लागले. कुठे ४८, कुठे ५०, खाली ‘आपली हिंगोली’ असा मजकूर. गाडी बहुधा डांबरी रस्त्यावर उन्हात उभी असते. तिचा सेन्सर पुढच्या बंपरजवळ असतो. रस्त्याची आणि इंजिनची धग तो पकडतो आणि तोच आकडा समोर येतो. दर उन्हाळ्यात समजावूनही हे फोटो थांबत नाहीत. जिल्ह्यात वहीपेन्सिल घेऊन रोजचे तापमान टिपणाऱ्या हवामानप्रेमींना याचा संताप आहे आणि तो रास्त आहे.

खोट्या ५० मुळे खरे ४३ स्वस्त होते. संध्याकाळच्या बातम्यांत बहुधा परभणी आणि नांदेडचा आकडा येतो. तो फोटोपेक्षा बराच कमी निघाला की लोक म्हणतात, उगाच घाबरवले. मग दुसऱ्या दिवशी भर दुपारी माणसे पुन्हा कामाला जुंपली जातात. हळद शिजवण्या-वाळवण्याचा हंगामही नेमका याच दिवसांत सरतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान सगळ्यांनी मिरवला. पण शेजारी कुकरची वाफ, डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेली जमीन, अशा जागी उभ्या असलेल्या बाईला किती अंश सोसावे लागतात, हे कोण लिहून ठेवते? हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्या हमालाचे काय? हळदीचा भाव रोज तोंडपाठ असणाऱ्या जिल्ह्याला आपल्या गावचे कालचे कमाल तापमान सांगता येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे.

आकडा का हवा, ते नीट समजून घ्यावे. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात पारा किमान ४० वर जाऊन सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त चढला, तर ती उष्णतेची लाट, फरक ६.४ च्या पुढे गेला तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, प्रत्यक्ष ४५ ला लाट आणि ४७ ला तीव्र लाट. पण एका केंद्रावर भागत नाही. एका हवामान उपविभागात निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस हे घडावे लागते. आठ जिल्ह्यांचा मराठवाडा हा एक उपविभाग. म्हणजे सेनगावच्या माळावर किंवा औंढ्याच्या डोंगराखाली कितीही भाजून निघाले, तरी जिथे मापक नाही तिथले ऊन हिशेबातच येत नाही.

पैशाचेही तसेच. २०१७ मध्ये सुरू झालेल्या महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे आली. फळपीक विम्यात ठरलेले तापमान ठरलेले दिवस ओलांडले तरच भरपाई मिळते आणि ते ठरवताना मंडळाच्या केंद्राचा आकडा धरला जातो. गिरगाव-कुरुंद्याकडचा केळी उत्पादक हे जाणतो. मंडळ मोठे, गावे अनेक, केंद्र एक. त्या केंद्राला झाडाची सावली पडते का, बाजूला पत्र्याची शेड उभी राहिली का, हे गावकऱ्यांनी कधी जाऊन पाहिले आहे? नुकसान झाल्यावर तहसीलसमोर बसायला सगळे येतात. आधी वही ठेवायला कुणी येत नाही.

यंत्रे चुकतात, हेही खरे. ३० मे २०२४ रोजी नागपुरात रामदासपेठेतील कृषी विद्यापीठाच्या जागेवरच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. देशभर बोभाटा झाला आणि मग सेन्सर बिघडल्याचा खुलासा आला. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ नोंदवले होते. तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचे तपासणीत निघाले. शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहता आले, म्हणून या चुका चटकन उघड्या पडल्या. हिंगोलीतल्या एखाद्या मंडळात असे झाले तर ताडणार कशाशी?

‘उन्हाळा आहे, ऊन पडणारच’ असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी त्या परिसरात पारा ३८ च्या आसपास होता. ‘मोबाइलवर दिसते की’ हा दुसरा आक्षेप. मोबाइल तुमच्या अंगणातली हवा मोजत नाही; दूरच्या केंद्रांवरून आणि संगणकी गणितावरून बांधलेला अंदाज दाखवतो. आणि ‘हे सरकारचे काम’ म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. वायनाडमधल्या ह्यूम सेंटर या संस्थेने स्थानिकांना हाताशी धरून सुमारे २०० पर्जन्यमापकांचे जाळे उभे केले. ३० जुलै २०२४ ची दरड कोसळण्याआधीच मुंडक्कई परिसराच्या धोक्याचा इशारा त्यांनी प्रशासनाला दिला होता. आपल्याकडे हिवरे बाजारने पाऊस मोजला आणि त्यावर पाण्याचा ताळेबंद बसवला. जे पावसाचे जमते ते उन्हाचे का जमू नये?

तेव्हा कामाला लागा. कमाल-किमान तापमापी आणा. इंग्रजी यू अक्षरासारख्या नळीची साधी तापमापी काही शे रुपयांत मिळते. ती भिंतीला, पत्र्याला, मोटारीला लावायची नाही. पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी झडपांची लाकडी पेटी करा, दार उत्तरेकडे ठेवा, तापमापी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच येऊ द्या. खाली माती किंवा गवत असावे, फरशी नको. गावचा सुतार अशी पेटी करून देईल. शाळेचे मैदान किंवा ग्रामपंचायतीची मोकळी जागा सर्वांत उत्तम. सुट्टीत शाळा बंद म्हणून नोंद बंद, हे चालणार नाही. नेमका उन्हाळाच मग वहीतून गळतो.

वाचताना डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेवा. नळीत पाऱ्याने ढकललेली बारीक पोलादी काडी असते. तिचे पाऱ्याकडचे टोक वाचायचे, वरचे नव्हे. हा बारकावा क्षुल्लक वाटेल. लिबियात अल अझिझियाला १९२२ मध्ये ५८ अंशांची नोंद झाली आणि जागतिक विक्रम म्हणून ती ९० वर्षे पुस्तकांत राहिली. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ती रद्द केली. नवख्या माणसाने अशाच तापमापीच्या काडीचे चुकीचे टोक वाचले असावे आणि त्यामुळे सुमारे ७ अंशांची चूक झाली असावी, असा निष्कर्ष निघाला.

सकाळी साडेआठला किमान, संध्याकाळी साडेपाचला कमाल. नोंद झाली की चुंबकाने काड्या पुन्हा पाऱ्याला टेकवा. आकडा, वेळ, आभाळ, सही. चुकलेला दिवस कोरा सोडा, अंदाजाने भरू नका. भरलेल्या एका थापेने सगळी वही बाद होते. जमल्यास दुसरी तापमापी पत्र्याच्या घरात टांगा आणि तिची नोंद वेगळ्या पानावर ठेवा, कारण रात्रीही घर निवत नसेल तर म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना धोका वाढतो. महिनाअखेर वहीची प्रत ग्रामपंचायतीला आणि तालुका कृषी कार्यालयाला द्या, पोच घ्या. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीचे कृषी विद्यापीठ यांच्या जाणकारांकडून आपली तापमापी एकदा ताडून घेण्याची विनंती करा.

पारा ४२ च्या पुढे गेला की तो आकडा दवंडीने, देवळाच्या भोंग्यावरून सगळ्या गावाला कळू द्या आणि दुपारी बारा ते चार शेतातली, यार्डातली कामे थांबवा. कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भोवळ आली, तर कांदा शोधत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, १०८ ला फोन करा.

रोज दोन वेळा पाच-पाच मिनिटे देणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, पदरमोड करून ती हे करत आली. त्यांना टाळ्या नकोत, सोबती हवेत: औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत, हिंगोली, प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक मोठ्या गावात एक पेटी आणि एक वही. डॅशबोर्डाचा फोटो आला तर पुढे पाठवू नका. पेटी तयार होईपर्यंत वही आणून ठेवा, नोंद कोण घेणार त्याचे नाव आजच ठरवा आणि तो गावाला गेला तर त्याच्या जागी कोण, तेही.