दाजींचा लाल पलंग

निफाडची थंडी दरवर्षी पेपरात छापून येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर उतरला की आमचा तालुका महाराष्ट्रभर प्रसिद्ध होतो. तिकडे द्राक्षबागांमधून रात्री शेकोट्या पेटतात, इकडे घरात आजीच्या गुडघ्यांना विटेचा शेक सुरू होतो. त्यामुळे 'शेक' या शब्दावर आमच्या घराची श्रद्धा फार जुनी. दाजींनी नेमकं याच श्रद्धेवर बोट ठेवलं.

दाजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे यजमान. जावईमाणूस, त्यामुळे त्यांना कोणी तोंडावर 'नाही' म्हणत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ते एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आले. त्यावर काचेच्या शवपेटीसारखा (हा माझा शब्द, त्यांचा नाही) एक पलंग, आत लालभडक उजेड आणि त्यात हसत पडलेली एक गोरी बाई. रेड लाइट थेरपी बेड! किंमत साडेचार लाख. बेत असा की निफाडला स्टँडजवळ गाळा घ्यायचा, बेड टाकायचा, वीस मिनिटांचे पैसे लावायचे. छाटणी आणि थिनिंग करून बागेतल्या प्रत्येकाची कंबर धरलेली असतेच, म्हणजे गिऱ्हाइकाची चिंता नाही. भांडवल अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, यंदाच्या द्राक्षाच्या पैशांतून. आणि आजीला जन्मभर फुकट.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तू विंजिनेर हायेस, तू सांग." न्यायमूर्ती रानडे 1842 साली ज्या गावात जन्मले त्या गावात न्याय करायची पाळी एका एटीकेटी असलेल्या पोरावर आली!

मी जे केलं ते आपल्यापैकी शंभरातल्या नव्वदांनी केलं असतं. हसलो. म्हटलं, "हे सगळं थोतांड आहे." दाजींनी शांतपणे मोबाइल काढला आणि विदेशी हॉस्पिटलांची पानंच्या पानं दाखवली. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. व्हायव्हात होतं तसं झालं. आजी म्हणाली, "शिकून बी याला कायी येत नाही."

होस्टेलवर परत आल्यावर चिडून वाचायला बसलो आणि लक्षात आलं की मी निम्मा चुकलो होतो. प्रकाशाने उपचार होतात. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केल्याबद्दल 1903 साली नोबेल मिळालं. आपल्याकडे नवजात बाळाला कावीळ झाली की निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते कुणाला थोतांड वाटत नाही. लाल प्रकाशाची गोष्ट तर मजेशीर आहे. 1967 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्तर नावाचा डॉक्टर, लेझरने कॅन्सर होतो का हे उंदरांवर तपासत होता. कॅन्सर झाला नाही, पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले! पुढे नासाने अंतराळात रोपं वाढवायला लाल एलईडी वापरले, त्यातून जखमांवरचे प्रयोग निघाले. आज कॅन्सरच्या काही उपचारांत तोंडात होणाऱ्या जखमा टाळायला हा प्रकाश वापरावा असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. गुडघेदुखीवरही अभ्यास झालेत. निकाल उलटसुलट आहेत, पण झालेत.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की त्या अभ्यासांत ठराविक तरंगलांबीचा प्रकाश (साधारण 630 ते 670 किंवा 810 ते 850 नॅनोमीटर), ठराविक जागी, मोजून दिलेला असतो. गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात तसे इथे दर चौरस सेंटिमीटरला किती जूल ते सांगतात. कमी दिला तर उपयोग नाही, आणि जास्त दिला तर होणारा परिणाम उलट घटू शकतो. आख्खा माणूस पेटीत निजवून "लई पावरफुल हाये" म्हणणं हा डोस नव्हे. आणि हा शेकही नव्हे. फिजिओथेरपीवाल्यांकडचा जुना लाल दिवा तापवतो, तो शेक. इथे ऊब लागली म्हणजे औषध लागलं, असं काही नाही. दाजींचा आणि आजीचा सगळा घोळ इथेच होता.

म्हणून मी दाजींचं माहितीपत्रक परत उघडलं. त्यात दोन आकडे होते. बेडची वीज 2000 वॅट. आणि अंगावर पडणारा प्रकाश दर चौरस सेंटिमीटरला 150 मिलीवॅट. आता आपण पहिल्या वर्षाला जे घोकतो ते करू. बेड 180 सेंटिमीटर लांब, 70 रुंद. खालची आणि वरची बाजू मिळून 25,200 चौरस सेंटिमीटर. गुणिले 150 मिलीवॅट, म्हणजे 3780 वॅट नुसता प्रकाश! भिंतीतून 2000 वॅट घेऊन 3780 वॅट बाहेर टाकणारं यंत्र निफाडच्या गाळ्यात असेल तर आपण सगळ्यांनी डिग्र्या फाडून टाकाव्यात. घेतलेल्या विजेतली अगदी निम्मी प्रकाश झाली असं उदार मनाने धरलं तरी आकडा येतो 40 च्या आसपास. 40 काही वाईट नाही. वीस मिनिटांत 48 जूल होतात. पण मग 150 का छापलं? जो पहिल्याच पानावर चौपट सांगतो त्याच्या बाकीच्या पानांचं काय करायचं?

डिसेंबरात दाजी आम्हाला नाशिकला डेमोला घेऊन गेले. तिथल्या माणसाने लगेच मीटर लावून दाखवलं. खरंच 150 च्या वर! पण तो मीटर सोलर पॅनलवाल्यांचा होता. तो आख्ख्या सूर्यप्रकाशासाठी बेतलेला असतो. त्यातला सिलिकॉन सेल लाल आणि त्यापलीकडच्या प्रकाशाला जास्त भुलतो, त्यामुळे अशा दिव्यासमोर तो फुगवून आकडा देतो. भर दुपारचं ऊन साधारण 100 मिलीवॅट धरतात, म्हणजे हा बेड दीड सूर्यांएवढा झाला. आजी आत निजलेली होती आणि तिला घामसुद्धा नव्हता.

आणखी एक उद्योग केला. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दाबला की जांभळट ठिपका दिसतो, ते आपण लहानपणी केलंय. बेडमधले निम्मे एलईडी 850 चे, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणारे. पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर एक आख्खी ओळ विझलेली! एलईडी एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात, एक उघडा पडला की सगळी माळ गेली. लाल ओळी चालू होत्या म्हणून कुणाला पत्ता नाही. डोळ्यावर पट्टी का बांधत नाही विचारलं, तर "लाल उजेड थंड असतो" असं उत्तर. जो प्रकाश दिसतच नाही त्याला पापणी मिटणार कशी?

अशा बेडचं जे बिघडतं ते बहुतेक आपल्याच शाखेचं असतं, म्हणून सांगतो. ड्रायव्हर जळतात, पंख्यात धूळ बसून आतलं तापमान चढतं, ॲक्रिलिकला तडे जातात. त्यात आमच्याकडे लाइट जाऊन आली की व्होल्टेजचा जो झटका बसतो त्याने मोटारी जळतात, तिथे चीनहून आलेल्या ड्रायव्हरची काय कथा. बेड 230 व्होल्टचा आहे का, सुटा ड्रायव्हर नाशिकला मिळतो का, गाळ्यात 16 अँपिअरचा पॉइंट आणि खरंखुरं अर्थिंग आहे का (तिसरी पिन नुसती शोभेला असते), हे मी विचारलं. त्या माणसाने दाजींना चहा सांगितला.

भिंतीवर गरुडाचं चित्र असलेलं एफडीएचं सर्टिफिकेट होतं. आमच्या घरात एफडीए म्हणजे दिवाळीत खव्यावर धाड घालणारं खातं, त्यामुळे अण्णांवर छाप पडली. हे अमेरिकेचं होतं, आणि तिथे कंपनीची नुसती नोंदणी असणं म्हणजे यंत्राला मान्यता नव्हे. ते खातं नोंदणीची असली सर्टिफिकेटं देतच नाही. आपल्याकडे 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, त्याखालचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक मी मागितला. "पाठवतो," म्हणाले.

इथपर्यंत हे सगळं मला परीक्षेतल्या उदाहरणासारखं वाटत होतं. मग घरी आल्यावर आईला देव्हाऱ्यामागे आजीच्या साखरेच्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. न फोडलेल्या. दाजी तिला आधीच चार वेळा तिथे नेऊन आणलं होतं, आणि तिथल्या मुलाने सांगितलं होतं, "मावशी, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील." आजीने तीन महिने थांबायचं कशाला, म्हणून लगेच सोडल्या. तपासली तर साखर तीनशेच्या वर. मधुमेहावर असली जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने मनाई आहे, पण तोंडी सांगितलेल्याची पावती कुठे असते? आणि याच आजीच्या पायाला गेल्या वर्षी गरम पाण्याच्या पिशवीने फोड आला तेव्हा तिला कळलंही नव्हतं. साखरेने पाय बधिर झालेल्या माणसाला तापणाऱ्या पेटीत ठेवायचं, आणि 'चटका बसला तर सांगा' म्हणायचं!

मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "तिथं तो पोरगा माझ्याशी वीस मिनिटं बोलतो. तुम्ही कोन बोलता?" याला माझ्याकडे सूत्र नव्हतं. खरं सांगायचं तर ज्याला आपण वेड्यात काढतो त्या सेंटरवाल्याने तिचे गुडघे विचारले होते. मी सुट्टीत घरी येऊन वायफायचा पासवर्ड विचारतो.

अण्णांनी पैसे दिले नाहीत. जावयाला 'नाही' म्हणायचं नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या नावावर खपवलं: पोरगा म्हणतो नंबर येऊ द्या, मग बघू. दाजी संक्रांतीला आले नाहीत, तिळगूळ बहिणीच्या हातून आला. आजीला डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, तिने मांडीचे व्यायाम दिलेत. ते करवून घ्यायचं काम रविवारी फोनवरून माझ्याकडे आहे. आजी दहा वेळा पाय उचलते, बारा सांगते.

परवा फोन ठेवताना तिने विचारलं, "त्याचा नंबर आला का रे?"

"नाही आला, आजी."

"मग दाजीला सांग, ऊन फुकट हाये. येऊन बस म्हनावं ओट्यावर."