एका डिस्कवर मावलेले नाटक

गोव्यातल्या नाट्यमंडळाचे, देवस्थानाचे किंवा एखाद्या नाटकवेड्या घराचे कपाट उघडले की डीव्हीडींची चळत सापडतेच. वर मार्करने नाटकाचे नाव, जत्रेचे साल आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एलपी' किंवा '४ तास' अशी नोंद. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर आवाक्यात आले. काही आखातातून किंवा बोटीवरून परतणाऱ्या गोंयकाराच्या सामानातून आले, काही इथल्या दुकानांतून. नाटकाचे नाव सगळे वाचतात, कोपऱ्यातली नोंद कोणी वाचत नाही. आपल्या रंगभूमीच्या चित्रणाचे काय झाले ते मात्र त्या नोंदीतच लिहिलेले आहे.

'एलपी' या शब्दावर आपला विश्वास जुना आहे. नाट्यसंगीताच्या रसिकाला एलपी म्हटले की १९४८ साली आलेली लांब चालणारी तबकडी आठवते. तिने जास्त वेळ दिला आणि आवाजही चांगला दिला. पुढे व्हीएचएस कॅसेटवर एलपी आले. तिथे टेप निम्म्या गतीने सरकायची, चित्र थोडे मऊ आणि दाणेदार व्हायचे, पण माणूस माणसासारखाच दिसायचा. डीव्हीडी रेकॉर्डरवर तोच शब्द तिसऱ्यांदा आला आणि त्याचा अर्थ साफ बदलला. इथे डिस्कची गती कमी होत नाही. चित्राचे वर्णन करायला यंत्राला जी माहिती लिहायची असते, तिच्यातच कपात होते.

हिशेब साधा आहे. एकपदरी डिस्कवर ४.७ जीबी जागा असते. तिच्यात एक तास भरला (एक्सपी) तर दर सेकंदाला साधारण १० मेगाबिट मिळतात, दोन तास (एसपी) भरले तर ५, चार तास (एलपी) भरले तर अडीच. सहा किंवा आठ तासांच्या ईपी मोडमध्ये तर दीड मेगाबिटच्या आसपास, किंवा त्याहून कमी. एवढ्या तुटपुंज्या माहितीत पूर्ण चित्र मावत नाही, म्हणून बरीच यंत्रे चित्रच लहान करतात. पाल पद्धतीतले पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे. एलपीमध्ये पुष्कळ रेकॉर्डर ते ३५२ बाय ५७६ वर आणतात, म्हणजे रुंदीतला तपशील निम्मा होतो. ईपीमध्ये काही यंत्रे ३५२ बाय २८८ वर येतात, म्हणजे चित्र पाव उरते आणि हालचालही अडखळते. सगळ्या कंपन्यांचे सारखे नव्हते. पॅनासोनिकच्या २००५ च्या सुमाराच्या यंत्रांनी एलपीमध्येही पूर्ण रुंदी राखायला सुरुवात केली. त्यामुळे चेहरा स्पष्ट दिसू लागला, पण अडीच मेगाबिटच मोठ्या चित्रावर पसरायचे असल्याने हालचाल वाढली की चौकोन उमटण्याचा धोकाही वाढला. कुठेतरी किंमत मोजावीच लागते.

मी एका मिनीडीव्ही टेपवरचा दशावतारी काल्याचा दहा मिनिटांचा तुकडा एकाच रेकॉर्डरवर चारही मोडमध्ये उतरवून शेजारी शेजारी पाहिला. एक्सपी आणि मूळ टेप यांत मला फरक शोधावा लागला. एसपीत झगमगत्या मुकुटाच्या कडेला किंचित थरथर दिसली, बाकी ठीक. एलपीत सूत्रधार स्थिर उभा राहून बोलत होता तोवर तक्रारीला जागा नव्हती. संकासुर नाचत आला आणि चित्र फुटले. काळा वेष, मागे काळोख, वर हलता प्रकाश. काळ्या रंगातल्या छटा जाऊन तिथे ठिगळे आली आणि हातांच्या जागी चौकोन. ईपीत तर संकासुर आहे एवढेच कळत होते, नाचणारा कोण हे कळत नव्हते.

याचे कारण या यंत्रांच्या कामाच्या रीतीत आहे. एमपेग-२ या पद्धतीत दर सेकंदाची पंचवीस चित्रे पूर्ण लिहिली जात नाहीत. मधूनमधून एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्यांत फक्त काय बदलले ते नोंदवायचे. कीर्तन असेल, गायनाची बैठक असेल, कॅमेरा स्टँडवर असेल, तर बदलते फारच थोडे, आणि अडीच मेगाबिट सहज पुरतात. शिगम्याची घोडेमोडणी असेल, गुलाल उडत असेल, गर्दी हलत असेल, तर चित्राचा कण न् कण बदलतो आणि यंत्राची शाई संपते. मग ते तपशील सोडून देते. काय सोडायचे हे त्याला कळत नाही. नटाच्या भुवईची हालचाल आणि मागच्या पडद्याची सळसळ यंत्राला सारखीच.

आवाजाचे मात्र तसे होत नाही. त्याला सहसा सेकंदाला दोनशे ते अडीचशे किलोबिटचा वाटा मिळतो आणि एलपीतही तो बहुधा तेवढाच राहतो. म्हणून 'संगीत सौभद्र'चा एखादा गावचा प्रयोग अशा डिस्कवर ऐकताना पद छान वाटते, ऑर्गन-तबला स्वच्छ वाटतो, आणि आपण समाधानाने म्हणतो, प्रिंट चांगली आहे. सूर वाचतो आणि अभिनय जातो. कान खूश असल्यामुळे डोळ्यांची तक्रार आपण ऐकत नाही.

आता दुसरी बाजू. एलपी सरसकट वाईट, असे मी म्हणणार नाही. मूळ चित्रण व्हीएचएसवरचे असेल, तर त्यात आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांएवढाच तपशील असतो. ते ३५२ बिंदूंच्या चौकटीत उतरवले तर फारसे काही सांडत नाही. तीन तासांची कॅसेट दोन तासांच्या एसपीत मावत नव्हती, म्हणून ज्यांनी ती एलपीत उतरवली त्यांनी अविचार केला नाही. ज्या यंत्रांत जागेनुसार वेळ जुळवून घेण्याची सोय होती, तिथे तीच कॅसेट सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आसपास बसवता आली असती, एवढेच. पण मूळ चित्रण मिनीडीव्हीचे असेल तर गोष्ट वेगळी. त्या टेपवर दर सेकंदाला २५ मेगाबिट असतात. ती एलपीत उतरवणे म्हणजे माहितीचा दहावा हिस्सा ठेवणे.

आणि मंडळांना दोष तरी कसा द्यावा? जत्रेचे नाटक पालखीनंतर सुरू होणार आणि पहाटेपर्यंत चालणार. एवढे नाटक एसपीत भरायचे तर तीन डिस्क, आणि दर दोन तासांनी डिस्क बदलायला माणूस हवा. एलपीत दोन डिस्कमध्ये काम भागते, ईपीत एकाच. गावच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या नाटकाने हा हिशेब केला त्यात नवल नाही. नोंद राहिली हेच मोठे. जे चित्रित झालेच नाही ते कोणत्याच मोडमध्ये परत येत नाही.

माझा आक्षेप त्यानंतर घडले त्यावर आहे, आणि ते अजून घडते आहे. 'डीव्हीडी करून घेतली आहे, आता ती कॅसेट कशाला?' असे म्हणून मूळ टेपा टाकून दिल्या जातात. घर रंगवताना, मंडळाची खोली रिकामी करताना, पावसाळ्यात बुरशी दिसली म्हणून. एलपीतली डिस्क ही नाटकाची सोयीची प्रत आहे, मूळ नव्हे. हस्तलिखिताचा सारांश काढला म्हणून हस्तलिखित कोणी जाळत नाही.

दुसरा प्रकार अलीकडचा. अशाच फुटक्या चित्रांना संगणकाच्या करामतीने 'एचडी' करून यूट्यूबवर चढवतात. चौकोन जातात, चेहरे गुळगुळीत दिसतात, लोक वाहवा करतात. पण एलपीने टाकून दिलेला डोळा संगणकाला ठाऊक नसतो. तो आपल्या अंदाजाने दुसरा काढतो. एखाद्या दिवंगत नटाचा चेहरा पुढच्या पिढीला असा अंदाजाने काढलेला मिळणार असेल, तर त्यापेक्षा मला ते प्रामाणिक चौकोन चालतील.

म्हणून सांगणे एवढेच. ज्यांच्याकडे मूळ टेपा आहेत त्यांनी त्या आधी शोधाव्यात, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात. मिनीडीव्हीचा एक तास संगणकावर जसाच्या तसा घेतला तर साधारण १३ जीबी होतो. पाच तासांचे नाटक ६५ जीबी, म्हणजे आज १२८ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर अर्धी जागा शिल्लक ठेवून बसते. जागेची जी टंचाई तेव्हा खरी होती ती आता उरलेली नाही. टंचाई आहे ती टेप वाजवणाऱ्या यंत्रांची. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. आता जी यंत्रे चालू आहेत, तीच.

जिथे टेप गेली आणि डिस्कच उरली, तिथे डिस्कमधल्या फायली आहेत तशाच उतरवून घ्याव्यात, पुन्हा दाबून छोट्या करू नयेत. जी डिस्क रेकॉर्डरवर 'फायनलाइज' केलेली नाही ती बहुतेक वेळा दुसऱ्या यंत्रावर वाजत नाही. जुना रेकॉर्डर भंगारात देण्याआधी हे काम उरकून घ्यावे. घरी लिहिलेल्या डिस्कचा रंगाचा थर आपल्या दमट हवेत कायमचा टिकत नाही. आणि नव्या फाईलच्या नावात ती कोपऱ्यातली नोंदही लिहावी: मूळ टेप कुठली, उतरवले कोणत्या मोडमध्ये. उद्या एखादा अभ्यासक नटाची मुद्रा त्या चित्रात शोधू लागला, तर ती नटाने केली नव्हती की यंत्राने लिहिली नव्हती, हे त्याला कळले पाहिजे.