रावळगाव, रिलायन्स आणि आपले नक्राश्रू

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत फिरून आला. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेकचे जुने फोटो, खाली तीन रडके चेहरे आणि एक ओळ: रिलायन्सने आपलं बालपण गिळलं. धडाधड अंगठे पडले. मी विचारलं, मंडळी, रावळगावची शेवटची गोळी तुमच्यापैकी कुणी आणि कधी विकत घेतली होती? शांतता. मग एकजण म्हणाला, "तू ना, सगळ्याची मजा घालवतोस."

असेल बुवा. पण आज शनिवार आहे, ऑफिसात काही जळत नाहीये, तेव्हा जरा सविस्तरच घालवतो.

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगतो. मी देवळाली प्रवराचा. (नाशिकची देवळाली नव्हे. राहुरी तालुक्यातली. हे मी आयुष्यभर सांगत आलोय.) दादांचं किराणा दुकान. गल्ल्याशेजारी काचेच्या दोन बरण्या, आणि त्यातली एक जवळजवळ कायम रावळगावची. गोळी विकत घ्यायला कुणी यायचं असं नाही, ती बहुतेक सुट्ट्या पैशांच्या जागी जायची. "आठाणे नाहीत, गोळ्या देऊ का?" "द्या, पोरांना होतील." संपला व्यवहार. रावळगाव हे एका गावाचं नाव आहे हे मला चांगलं आठवीत कळलं. तोवर मला ते गोळीचंच नाव वाटायचं. ब्रँड ब्रँड म्हणतात तो हाच.

तर हे गाव मालेगाव तालुक्यात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी तिथल्या माळरानावर ऊस उभा केला आणि १९३३ मध्ये साखर कारखाना काढला. हा माणूस म्हणजे बोगद्यांची कंत्राटं, सिंदिया जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना, प्रीमियर मोटारी. गोळ्या हा त्यांच्या उद्योगातला अगदीच किरकोळ कोपरा. पण १९४२ मध्ये त्यांच्या कारखान्याने जे केलं ते मला विमानाइतकंच मोठं वाटतं. साखर पोत्यात भरून व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हायच्या ऐवजी त्यांनी तिची गोळी केली, कागदात गुंडाळली आणि त्या कागदावर स्वतःचं नाव छापलं.

यात तांत्रिक जादू फारशी नाही. साखर आणि लिक्विड ग्लुकोज एकत्र दीडशे अंशांच्या आसपास आटवायचं, पाणी दोन-तीन टक्क्यांवर आणायचं, थोडं निवलं की रंग, स्वाद, आंबटपणा मळायचा, दोरी ओढायची, साच्यातून काढायचं. ग्लुकोज कशाला? तर साखरेने पुन्हा दाणा धरू नये म्हणून. आई पाकात लिंबू पिळते तेही त्याचसाठी. ग्लुकोज निघतं मक्यापासून. म्हणजे ऊस आणि मका. नगर जिल्ह्यात या दोन्हींचा दुष्काळ आहे असं कुणी म्हणणार नाही.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. आमच्यापासून जवळच प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना, पहिला हंगाम १९५० चा. शेतकऱ्याने स्वतःचा कारखाना काढणं ही त्या काळात क्रांतीच होती, त्याबद्दल दुमत नाही. त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. त्यांच्या जोडीने डिस्टिलरी आली, इंजिनिअरिंग कॉलेजं आली (मीही त्याच कृपेचा लाभार्थी), इथेनॉल आलं, निवडणुका तर पाचवीला पुजलेल्या. पण इतक्या वर्षांत या पट्ट्यातून घराघरात नाव पोचलेली एक गोळी, एक चॉकलेट, काहीतरी? दादांच्या बरणीत तरी आलं नाही. आम्ही साखर पोत्याने पाठवली आणि चिमटीएवढी करून परत विकत घेतली.

हिशोब बघा. २०१९ मध्ये सरकारने साखरेचा किमान विक्री दर ठरवला किलोला ३१ रुपये. गोळी साधारण चार ग्रॅमची, म्हणजे किलोत अडीचशे. रुपयाला एक धरली तर अडीचशे रुपये. मान्य, त्यात कागद आहे, वीज आहे, वितरक आहे, दादांचं कमिशन आहे. तरीही ३१ आणि २५० मधली जागा मोकळी पडली होती, आणि आम्ही पोती मोजत बसलो. सहकाराला हे जमत नाही म्हणावं तर अमूल चॉकलेट विकतं आणि वारणेचं श्रीखंड आपण बोटं चाटत खातो.

आता "गिळलं" या शब्दाकडे येऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव कंपनीने गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्स कन्झ्युमरला २७ कोटींना विकला. काय विकलं हे नीट वाचा: ट्रेडमार्क, पाककृती, बौद्धिक संपदा. जमीन, इमारत, यंत्रं कंपनीने स्वतःकडेच ठेवली. म्हणजे दिले गेले ते पैसे नावाचे. विक्री दहा कोटींच्या घरात आली होती, वर तोटा. कंपनीनेच कारणं दिली: स्पर्धा, महाग कच्चा माल, वीज, मजुरी, आणि त्या प्रमाणात किंमत वाढवता येत नाही. कुणी गळा दाबून घेतलेलं नाही. ज्या घराण्याने नाव कमावलं त्यानेच ते विकलं, तो त्यांचा हक्क.

पण "किंमत वाढवता येत नाही" हे मला पटत नाही. २०१५ मध्ये पल्स आली. कैरीची गोळी, आत तिखटमीठ. गोळ्या पन्नास पैशाला विकल्या जात असताना हिची किंमत एक रुपया, आणि आठ महिन्यांत शंभर कोटींची विक्री झाल्याच्या बातम्या आल्या. ती काढणारा डीएस ग्रुपही घरचाच धंदा, परदेशी राक्षस नव्हे. फरक एवढाच की त्यांना नवीन काहीतरी सुचलं. रावळगावलाही एकदा सुचलं होतं की! पानाच्या चवीची गोळी ही काय साधी कल्पना आहे? दूरदर्शनवरची ती जाहिरात, खेकसणारा माणूस गोळी तोंडात टाकताच गोड बोलायला लागतो, अजून लोक नक्कल करतात. पण मग पुढे काय? मला तरी पान पसंदनंतरची त्यांची एकही गोळी आठवत नाही. आमच्या धंद्यात याला जुनं व्हर्जन नुसतं चालू ठेवणं म्हणतात, आणि ते एक दिवस बंद पडतंच.

आणि हो, माझाही हात यात आहे. गेली सात वर्षं मी पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि ४७ रुपयांचे बरोबर ४७ रुपये जायला लागले. "गोळ्या देऊ का" हे वाक्यच दुकानातून गेलं. सुट्ट्यांच्या टंचाईवर जगणाऱ्या गोळीला कुणी स्वतःहून मागावं असं कारण उरायला हवं होतं, ते उरलं नाही. त्यामुळे फॉरवर्डवर रडायचा अधिकार निदान मला तरी नाही. तुम्हाला असेल तर रडा.

दिवाळीत घरी गेलो होतो. दोन बरण्यांपैकी एकीत रबरबँड आहेत, दुसरीला टेकून क्यूआरचा बोर्ड उभा. जोशात येऊन दादांना विचारलं, "आपल्या भागात कुणी गोळी काढली, आपल्या साखरेची, तर ठेवाल का दुकानात?"

दादांनी वहीतून मान वर केली नाही. "आधी चव दाखव म्हणावं. आणि उधारी किती दिवसांची देणार, ते विचार."